नेट नेमकं कुठे अडलं?

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे आठ वाजून गेले होते. पेणला सकाळपासून पावसानं झोडपून काढलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. रोह्याहून माझ्या मावसबहिणीचा मुलगा बोलत होता. आवाज रडकुंडीला आलेला. "मामा, राउटर मेला! ताईला इंजिनिअरिंगच्या प्रवेशफेरीसाठी कॉलेजांचे पर्याय भरायचेत. आज रात्रीपर्यंतच मुदत आहे, आणि घरात वायफायचं नावच दिसत नाही."

मी विचारलं, "दुपारी काय उद्योग केलास ते आधी सांग."

थोडा वेळ शांतता. मग हळूच उत्तर आलं, "नेट सारखं तुटत होतं. मित्र म्हणाला, राउटरमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून दुसरं टाक, मस्त चालतं. म्हणून टाकलं."

मी त्याला म्हटलं, "राउटर आहे तिथे राहू दे. आईचा मोबाइल घे. माडीवर खिडकीपाशी रेंज येते ना? तिथे बसा, मोबाइलचं नेट लॅपटॉपला जोडा आणि ताईचा फॉर्म भरून घ्या. राउटर उद्यापर्यंत थांबेल, फॉर्मची मुदत थांबणार नाही."

पावणेदहाला पुन्हा फोन आला. फॉर्म भरून झाला होता. मग आम्ही दोघं, तो रोह्यात आणि मी पेणला, फोन कानाला लावून राउटरच्या मागे लागलो. त्या रात्री जे केलं आणि पुढच्याच आठवड्यात पेणजवळच्या एका गणपतीच्या कारखान्यात जे करावं लागलं, त्याबद्दल आज तुमच्याशी बोलणार आहे. कारण राउटर आता घरोघरी आहे. तो बंद पडला की आपण एकच उपाय करतो, बटण बंद करून पुन्हा चालू. त्यानं भागलं नाही की घरातल्या हुशार मुलाच्या हाती तो लागतो.

आधी हा राउटर म्हणजे काय ते पाहू. बाहेरून येणारी इंटरनेटची वायर एक आणि घरात वापरणारे पाच-सहा, मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही. कोणी काय मागवलं, कोणाचं काय आलं, हे लक्षात ठेवून ज्याचं त्याला पोचवायचं, हे राउटरचं काम. म्हणजे घरातला पोस्टमनच. दिसतो प्लास्टिकच्या डबीसारखा, पण आत एक छोटा संगणक असतो. त्याला प्रोसेसर असतो, स्मृती असते आणि त्याला चालवणारा एक प्रोग्रॅम असतो. या आत बसवलेल्या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. ते कंपनी भरून देते. पण काही राउटरांत ते काढून दुसरं भरता येतं.

हे दुसरं फर्मवेअर आलं कुठून, त्याची कथा मजेदार आहे. डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेतल्या लिंक्सिस या कंपनीनं 'डब्ल्यूआरटी ५४ जी' नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. २००३ मध्ये सिस्कोनं ही कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी काही चौकस मंडळींच्या लक्षात आलं, की या राउटरच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्स फुकट वापरता येतं, पण त्याला एक अट आहे. ते घालून तुम्ही वस्तू विकलीत, तर त्या भागाचा मूळ प्रोग्रॅम घेणाऱ्याला द्यायला हवा. मंडळींनी पाठपुरावा केला आणि कंपनीनं तो प्रोग्रॅम खुला केला. त्यातूनच २००४ च्या जानेवारीत 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प सुरू झाला. त्याच्या नावातलं 'डब्ल्यूआरटी' हे त्या मूळ राउटरचंच. पुढे 'डीडी-डब्ल्यूआरटी', 'टोमॅटो' अशी भावंडं आली. जगभरचे हौशी आणि व्यावसायिक प्रोग्रॅमर आजही हे काम करतात आणि ते कोणालाही फुकट वापरता येतं.

आपल्याकडे तेव्हा घरगुती ब्रॉडबँडची नुकती सुरुवात होत होती. बीएसएनएलची 'डेटावन' सेवा जानेवारी २००५ मधली. वायफाय ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतं, त्या विनापरवाना वापरायची मुभा केंद्र सरकारनं याच २००५ साली दिली. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा २०१८ मध्ये आणखी मोकळा झाला. अर्थात मुभा म्हणजे वाटेल तेवढी ताकद लावायची असं नव्हे, मर्यादा आहेच. तिच्याकडे पुढे वळू.

मग कंपनीचं सोडून हे दुसरं फर्मवेअर लोक टाकतात तरी कशाला? एक कारण सुरक्षेचं. कंपन्या काही वर्षांनी जुन्या राउटरला सुधारणा देणं थांबवतात. मग त्यातली भोकं तशीच राहतात. २०१८ मध्ये 'व्हीपीएनफिल्टर' नावाचा एक विषाणू-प्रोग्रॅम उघडकीला आला. त्यानं ५४ देशांमधल्या किमान ५ लाख राउटर आणि तत्सम यंत्रांत घर केलं होतं. वापरणाऱ्यांना पत्ताही नव्हता. खुलं फर्मवेअर अशा जुन्या पण धडधाकट राउटरला आणखी काही वर्षांचं आयुष्य देऊ शकतं. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. कंपनीचा राउटर तुम्हाला फक्त लाल-हिरवे दिवे दाखवतो. खुलं फर्मवेअर आत काय चाललंय त्याची नोंदवही तुमच्यासमोर उघडून ठेवतं.

पण नोंदवही समोर असली तरी ती वाचायला हवी. आमच्या भाच्याची चूक तिथेच झाली. नेट तुटत होतं खरं, पण कुठे तुटत होतं हे न बघताच त्यानं औषध दिलं.

मी त्याला त्या रात्री म्हटलं, "दिवा-रोहा गाडी रोह्याला आली नाही, तर तू काय विचारतोस? गाडी कुठे अडली, हेच ना? पेण सोडलं का, कासू सोडलं का, नागोठण्याला उभी आहे का? नेटचंही तसंच आहे. बाहेरच्या जगातून तुझ्या मोबाइलपर्यंत येताना ते चार-पाच स्टेशनं घेतं. एकेका स्टेशनात चौकशी कर."

तर ही स्टेशनं अशी.

पहिलं स्टेशन विजेचं. राउटरचा दिवा लागतो म्हणजे त्याला वीज नीट मिळते असं नाही. त्याचा अ‍ॅडाप्टर चार-पाच वर्षांत थकतो. दिवा लावण्यापुरता जोर असतो, पण काम वाढलं की धाप लागते आणि राउटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. आपल्याला वाटतं, नेट गेलं.

दुसरं स्टेशन मोबाइल ते राउटर. मोबाइलमध्ये वायफायचं नाव दिसतं का? जोडलं जातं का? जोडल्यावर ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला, बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, तर राउटरचं पान उघडतं का? उघडलं तर घरातला रस्ता साफ आहे. 'वायफाय आहे पण नेट नाही' अशी तक्रार असेल, तर मग भिंती आणि अँटेना यांच्यामागे लागण्यात अर्थ नाही. गाडी पुढच्या स्टेशनात अडली आहे.

तिसरं स्टेशन राउटर ते कंपनी. राउटरच्या पानावर 'वॅन' नावाचा एक रकाना असतो. वॅन म्हणजे बाहेरची बाजू. तिथे आकड्यांचा पत्ता आला आहे का? नसेल तर एक तर वायर सुटली आहे, किंवा कंपनीनं दिलेलं नाव आणि पासवर्ड राउटरमध्ये नाही, किंवा कंपनीकडेच बंद आहे. वादळवाऱ्यात हे तिसरं कारणच जास्त. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे मनोरे बंद पडले. अशा वेळी घरातला राउटर उघडून बसण्यात काही हशील नसतं.

चौथं स्टेशन नावांचं. आपण वेबसाइटचं नाव टाकतो, पण यंत्रांना आकडेच कळतात. नावावरून आकडा शोधून देणारी एक यंत्रणा असते, तिला डीएनएस म्हणतात. टेलिफोनची डायरीच म्हणा. ही डायरी हरवली, तर लाइन चालू असूनही एकही वेबसाइट उघडत नाही. तपासायची रीत सोपी आहे. संगणकावर 'पिंग' नावाची आज्ञा देऊन ८.८.८.८ या आकड्याला हाक मारायची. हा गूगलच्या डीएनएस सेवेचा पत्ता आहे. आकड्याला उत्तर आलं आणि नावाला आलं नाही, तर दोष डायरीचा.

आणि पाचवं स्टेशन पाकिटाच्या आकाराचं. नेटवरची माहिती तुकड्या-तुकड्यांत, पाकिटांत घालून येते. एक पाकीट साधारण १५०० बाइटचं. पण नाव-पासवर्ड देऊन जोडायच्या पीपीपीओई पद्धतीत ८ बाइट वरच्या वेष्टनालाच लागतात, आत उरतात १४९२. हा हिशेब राउटरमध्ये चुकला, की गंमत होते. निरोप जातात, पण फोटो अडतो. काही वेबसाइट झटकन उघडतात, काही अर्ध्यावर गोल गोल फिरत बसतात. अर्धवट चालणारं नेट दिसलं, की हे स्टेशन आठवावं.

आता रोह्याला परत जाऊ. भाच्याचा राउटर मेलेला नव्हताच. पहिलं स्टेशन ठीक होतं. दुसऱ्या स्टेशनात कळलं, की ओपनडब्ल्यूआरटी टाकल्यावर बहुतेक राउटरांत वायफाय मुद्दामच बंद ठेवलेलं असतं. कारण सुरुवातीला त्याला पासवर्डच नसतो. तसंच ते हवेत सोडलं, तर शेजारीपाजारी आत शिरतील. म्हणून आधी वायरनं जोडा, पासवर्ड ठरवा, मग वायफाय सुरू करा, अशी ती रीत आहे. नव्या माणसाला मात्र वाटतं, राउटर गेला! अडगळीतून एक जुनी निळी वायर शोधून त्यानं लॅपटॉप जोडला. १९२.१६८.१.१ टाकताच पान उघडलं. देश 'भारत' निवडला, वायफायला नाव दिलं, चांगला लांब पासवर्ड दिला. मोबाइलवर नाव दिसलं तेव्हा फोनमधून आलेली आरोळी अजून माझ्या कानात आहे.

पण नेट नव्हतं. तिसरं स्टेशन. वॅनच्या रकान्यात पत्ता आला नव्हता. मी विचारलं, "कनेक्शन देताना वायरमननं जे नाव-पासवर्ड टाकलं होतं, ते लिहून ठेवलंयस?" नव्हतं. ते जुन्या फर्मवेअरबरोबर पुसलं गेलं होतं. त्या रात्री आम्ही तिथेच थांबलो. सकाळी कनेक्शनवाल्याच्या ऑफिसातून नवा पासवर्ड मिळाला, तो टाकला आणि दोन मिनिटांत नेट आलं.

एवढं झाल्यावर मूळ दुखणं समोर आलं. नेट तुटत का होतं? ते तर अजूनही तुटत होतं! पण फक्त आतल्या खोलीत, ताईच्या अभ्यासाच्या जागी. घर जुनं, भिंती दीड-दोन फूट जाड, राउटर ओटीवरच्या कोनाड्यात. मुलानं ५ गिगाहर्ट्झ लावून पाहिलं, तर आणखी वाईट. कारण या लहरी वेगवान असल्या तरी भिंतीपुढे लवकर हार मानतात. २.४ गिगाहर्ट्झ जरा दमदार. मग त्यानं विचारलं, "मामा, या फर्मवेअरमध्ये ताकद वाढवायची सोय आहे. दुसरा देश निवडला की जास्त वाढवता येते म्हणे."

हा मोह अनेकांना होतो, म्हणून नीट सांगतो. कुंडलिकेच्या या काठावर तुम्ही भोंगा घेऊन उभे राहिलात, तर पलीकडच्या माणसाला तुमचं ऐकू जाईल. पण त्याच्याकडे भोंगा नाही. तो काय म्हणतो ते तुम्हाला कसं कळणार? राउटरनं कितीही ओरडलं, तरी मोबाइल आपल्या लहानशा आवाजातच उत्तर देणार. मोबाइलवर रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतील आणि नेट तरीही अडेल. शिवाय दुसऱ्या देशाचा नियम लावून मर्यादेबाहेर ताकद वाढवणं हे आपल्या कायद्यात बसत नाही. आम्ही काय केलं? दहा मीटर वायर आणली, राउटर ओटीवरून माजघराच्या दाराच्या वर नेऊन बसवला. शेजारच्यांची वायफाय ज्या चॅनलवर दाटली होती तो सोडून १, ६ आणि ११ यांपैकी मोकळा चॅनल निवडला, कारण हे तीन एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. तुटणं थांबलं. म्हणजे ज्या रोगासाठी फर्मवेअर बदललं, त्याचं औषध दहा मीटरची वायर होतं.

पुढच्याच आठवड्यात फोन आला तो घराजवळूनच. हमरापूर, जोहे हा आमचा पेणजवळचा मूर्तिकारांचा भाग. तिथल्या एका कारखान्यातले दादा ओळखीचे. गणपतीला महिना-सव्वा महिना राहिलेला. कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही, हजारभर मूर्ती रंगाच्या प्रतीक्षेत. "काका, चार दिवस नेट धड नाही. पुण्याचे दुकानदार फोटो मागतात, जात नाहीत. पैसे आले की नाही कळत नाही. एकानं ऑर्डर दुसरीकडे दिली." त्यांच्या पुतण्यानंही तेच केलं होतं. जुन्या राउटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी टाकलं होतं. आधी नेट संध्याकाळी तुटायचं, आता मुळीच येत नव्हतं.

मी जाऊन स्टेशनं मोजायला लागलो. वायफाय होतं. राउटरचं पान उघडत होतं. वॅनच्या रकान्यात पत्ताही होता, १९२.१६८.१ नं सुरू होणारा. तिथेच चूक सापडली. या कारखान्यात फायबर कंपनीची एक पेटी आधीच होती, आणि तिचा घरातला पत्ता १९२.१६८.१.१. पुतण्याचा राउटर तिला जोडलेला, आणि ओपनडब्ल्यूआरटीचा मुळातला पत्ताही नेमका तोच, १९२.१६८.१.१. एका आळीत दोन घरांना एकच नंबर! पोस्टमननं पत्र द्यायचं कुठे? राउटरला आतली बाजू कोणती आणि बाहेरची कोणती हेच कळेना. राउटरचा आतला पत्ता बदलून १९२.१६८.२.१ केला, राउटर बंद करून चालू केला, आणि अडकलेले फोटो एकामागून एक पुण्याला निघाले. काम एका आकड्याचं.

दादांना आनंद झाला, चहा आला. पण संध्याकाळचं तुटणं? तेवढ्यासाठी मी थांबलो. साडेपाचच्या सुमारास नेट गेलं, दोन-तीन मिनिटांनी आलं. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. मी राउटरचं पान उघडलं. त्यात राउटर किती वेळ सलग चालू आहे याचा एक आकडा असतो. मी तर दुपारपासून तिथे होतो, कोणी राउटरला हात लावला नव्हता. आकडा मात्र दाखवत होता, तीन मिनिटं. नोंदवही पाहिली, तीही कोरी, तीन मिनिटांपूर्वीपासूनची. ही नोंदवही राउटरच्या तात्पुरत्या स्मृतीत असते, वीज गेली की पुसली जाते. त्यामुळे ती कोरी असणं हाच पुरावा होता. नेट जात नव्हतं, राउटरच बंद पडत होता.

मग मी कान दिला. प्रत्येक वेळी नेट जायच्या आधी एक घरघर सुरू होत होती. रंगकामाचा कॉम्प्रेसर! दिवसभर माती आणि घासकाम, संध्याकाळी स्प्रेनं रंग. कॉम्प्रेसर आणि राउटर एकाच बोर्डावर. मोटर सुरू होताना एकदम वीज ओढायची, क्षणभर दाब खाली यायचा, आणि सहा वर्षांचा थकलेला अ‍ॅडाप्टर मान टाकायचा. राउटरला पुन्हा उठायला दोन-तीन मिनिटं. कॉम्प्रेसर मधूनमधून चालू-बंद होत राहायचा, तसतसं नेट.

त्याच व्होल्टचा आणि पुरेशा अँपिअरचा नवा अ‍ॅडाप्टर आणला, राउटर वेगळ्या बोर्डावर घेतला, जोडीला एक छोटा बॅटरीचा यूपीएस लावला. जाळीत बसलेली मातीची धूळ ब्रशनं झाडली. त्या संध्याकाळी कॉम्प्रेसर चालत राहिला आणि नेटही चालत राहिलं. पुतण्याचा चेहरा पडला होता. "म्हणजे फर्मवेअर टाकलं ते फुकटच?" तो म्हणाला. मी म्हटलं, "फुकट कसं? सलग किती वेळ चालू आहे, हा आकडा तुझ्या फर्मवेअरनंच दाखवला. पण चष्मा घातला की दिसायला लागतं, दुखणं बरं होत नाही. ते तू चष्म्याकडूनच मागत होतास."

श्रोतेहो, मला आज सांगायचं आहे ते एवढंच. फर्मवेअर बदलू नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः बदलतो. पण दोष कुठे आहे हे कळल्यावर बदला, आणि बदलताना थोडी पथ्यं पाळा.

पहिलं पथ्य, राउटर कोणाचा ते पाहा. कनेक्शनवाल्यानं दिलेली पेटी बहुधा त्याची मालमत्ता असते, तिला हात लावायचा नाही. आपला स्वतःचा, वॉरंटी संपलेला राउटरच घ्यावा.

दुसरं, राउटर उलटा करा आणि स्टिकर वाचा. नुसतं नाव पुरत नाही, त्यापुढे 'व्ही' अक्षर आणि आकडा असतो, त्या आवृत्तीलाच महत्त्व. त्या मूळ डब्ल्यूआरटी ५४ जीचंच उदाहरण घ्या. २००५ मध्ये त्याची पाचवी आवृत्ती आली. खोकं तेच, नाव तेच, पण आत स्मृती निम्मी केलेली आणि लिनक्स काढून टाकलेलं. चौथ्या आवृत्तीची फाइल पाचवीला चालत नव्हती. आपल्याकडच्या अनेक जुन्या स्वस्त राउटरांत ४ मेगाबाइट साठवण आणि ३२ मेगाबाइट स्मृती आहे. २०२० च्या १९.०७ या आवृत्तीनंतर ओपनडब्ल्यूआरटीच्या अधिकृत फाइली अशा यंत्रांसाठी निघत नाहीत. नव्यानं घ्यायचा असेल, तर १६ आणि १२८ पासून पुढचा घ्यावा. प्रकल्पाच्या यादीत आपला राउटर, त्याच आवृत्तीसह, नसेल तर तिथेच थांबावं.

तिसरं, फाइलचा ताळा करा. फाइलबरोबर एक लांबलचक आकडा-अक्षरांची खूण दिलेली असते. उतरवून घेतलेल्या फाइलची खूण तीच येते का, हे संगणकावर तपासता येतं. एक अक्षर जरी चुकलं तरी ती फाइल टाकायची नाही.

चौथं, वायरनं जोडूनच काम करा, वायफायवरून नको. आणि लाइट जाण्याची शक्यता असेल त्या दिवशी मुळीच नको. पावसाळ्यात आपल्याकडे म्हणजे रोजच! फर्मवेअर भरलं जात असताना वीज गेली, तर आत अर्धाच प्रोग्रॅम राहतो. संगणकाच्या भाषेत अशा राउटरला 'वीट' झाली म्हणतात, कारण नंतर तो दाराला अटकाव करायलाच उपयोगी.

पाचवं, वीट झाली तरी लगेच भंगारात देऊ नका. ओपनडब्ल्यूआरटी आत असेल, तर सुरू होताना दिवा भरभर लुकलुकतो, त्या वेळी बटण दाबल्यास तो 'फेलसेफ' म्हणजे बचावाच्या स्थितीत उठतो. मग वायरनं जोडून चुकलेलं दुरुस्त करता येतं. पुष्कळ राउटर सुरू होताना काही क्षण संगणकाकडून फाइल मिळते का याची वाट पाहतात, त्या क्षणांत कंपनीची मूळ फाइल परत भरता येते. कोणत्या राउटरला कोणती युक्ती, हे आधीच वाचून ठेवायचं. आणि ती मूळ फाइलही आधीच उतरवून ठेवायची. नेट गेल्यावर ती कुठून आणणार?

शेवटचं पथ्य सगळ्यात स्वस्त आहे. एक वही. कनेक्शनचं नाव आणि पासवर्ड, कनेक्शनवाल्याचा फोन नंबर, राउटरचा पत्ता, राउटरचं नाव आणि आवृत्ती, वायफायचा पासवर्ड, अ‍ॅडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर. सहा ओळी. ज्यांना फर्मवेअर कधीच बदलायचं नाही, त्यांनीही आज रविवार आहे तर एवढं लिहून ठेवावं. वही मात्र घरातच, राउटरला चिकटवून नव्हे.

माझी भाची आता इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. तिचा भाऊ परवा रोह्याहून फोनवर सांगत होता, की शेजारच्या काकूंचं नेट गेलं म्हणून त्या त्याला बोलवायला आल्या होत्या. मी धसकून विचारलं, "मग? काय टाकलंस?" तो म्हणाला, "काही नाही मामा. वायर सुटली होती, ती लावली." पहिल्या स्टेशनापासून सुरुवात केली म्हणे.